जेसीला नको असलेली विकेट

कॅप्टन एव्हरार्ड स्टेस यांना आमच्या होलिंडेन गावात शेवटपर्यंत सगळे ‘धाकटे साहेब’च म्हणत. थोरले साहेब म्हणजे त्यांचे वडील, आमच्या चर्चचे पाद्री. त्यांना तीन मुलगे. पहिल्यानं चर्च धरलं, दुसऱ्यानं वकिली, आणि तिसऱ्याच्या डोक्यात घोडा आणि क्रिकेट सोडून तिसरं काही शिरत नव्हतं. असल्या मुलाला त्या काळी चांगल्या घरातले लोक पलटणीत घालत. मावशीनं पैसे भरून हुद्दा विकत घेतला आणि धाकटे साहेब लाल कोट चढवून गेले.

मी सायलस टॅप्सेल. केंटच्या आमच्या भागात चेंडू शिवायचा धंदा चालतो, तोच आमचा बापजाद्यांपासूनचा. त्यामुळे धाकटे साहेब लहानपणी दर आठवड्याला आमच्या दुकानाच्या पायरीवर हजर. सोबत जेसी विकन्स. जेसीचा बाप हॉपच्या, म्हणजे बिअरमध्ये घालायच्या फुलांच्या वेलींच्या, मळ्यावर गाडीवान होता. पाद्रीसाहेबांचा मुलगा आणि गाडीवानाचा मुलगा दिवसभर एकत्र, हे साहेबांच्या बहिणीला, ऑगस्टाबाईंना, मुळीच खपायचं नाही. पण चर्चमागच्या कुरणात मेंढ्यांनी गवत कुरतडून छान आखूड केलेलं असे, आणि तिथं एकानं चेंडू टाकायचा तर दुसरा बॅट धरायला हवाच. एकाची दुसऱ्यावाचून सोय नव्हती.

जेसीसारखा चेंडू टाकणारा मी पुन्हा पाहिला नाही. हात खांद्याच्या रेषेत फिरायचा, आणि टप्पा पडला की चेंडू कुत्र्यानं सशावर झेप घ्यावी तसा आत शिरायचा. धाकटे साहेब त्याच्याविरुद्ध खेळूनच फलंदाज झाले.

साहेब पहिल्या रजेवर आले तेव्हा त्यांनी जेसीला गाठलं. मी तिथंच होतो.

“जेसी, जन्मभर हॉप तोडत बसणार का? चल माझ्याबरोबर. आमच्या पलटणीच्या संघात गोलंदाज म्हणून एक ढोल वाजवणारा आहे. तो चेंडू टाकतो की काय पेरतो, देव जाणे.”

“आणि गोळी लागली म्हणजे?”

“तुला लागायची तर आधी मला लागेल. मी पुढं असतो.”

जेसी हसला आणि गेला. क्रिमियाच्या लढाईतून दोघंही सहीसलामत सुटले. मग पलटण कॉर्फू बेटावर गेली, आणि जे घडलं ते तिथं, शांततेच्या काळात. मला ते पुढं दोघांच्या तोंडून तुकड्यातुकड्यानं कळलं, पण गोष्ट सरळ कळावी म्हणून इथंच सांगून टाकतो.

बंदरात आरमाराचं एक जहाज लागलं होतं. त्याच्या संघाशी पलटणीचा सामना झाला. साहेब तोवर कॅप्टन झालेले. जेसीनं एका दुपारात खलाशांचे सात गडी उडवले. सामना जिंकल्यावर साहेबांनी अधिकाऱ्यांच्या खाणावळीतून ब्रँडीची बाटली आणून त्याच्या हातात दिली.

“पी! आज नाव काढलंस.”

“रात्री पहारा आहे माझा, साहेब.”

“मी सार्जंटला सांगून बदलून घेतो. तू पी बिनधास्त.”

आणि साहेब सांगायचं विसरले. मेजवानी होती, शाबासक्या होत्या, खेळाची धुंदी होती. विसरले. रात्री सार्जंटला जेसी पहाऱ्यावर झिंगलेला सापडला. त्यानं जेसीला लाथेनं उठवलं. जेसीनं उठून सार्जंटच्या तोंडावर ठोसा मारला.

वरिष्ठावर हात उचलणं म्हणजे पलटणीत मोठा गुन्हा. लष्करी न्यायालय बसलं. दारू कुठून आणलीस, असं विचारल्यावर जेसी म्हणाला, “बाजारातून घेतली.” साहेब तिथंच खुर्चीवर बसलेले. त्यांना जेसीच्या वर्तणुकीबद्दल विचारलं. ते उठले, म्हणाले, “चांगला शिपाई आहे. उत्तम गोलंदाज आहे,” आणि खाली बसले.

पन्नास फटके. सगळी पलटण चौकोन करून उभी. जेसीला टिकटीला बांधला आणि ढोल वाजवणाऱ्यांनी आळीपाळीनं कोरडे ओढले. कॅप्टन आपल्या तुकडीच्या पुढं, ताठ, नजर समोर. कुणीही त्यांना नावं ठेवली नसती. तेच त्यांना आयुष्यभर डाचत राहिलं, की ते उत्तम उभे राहिले होते.

वर्षाच्या आत त्यांनी हुद्दा विकला आणि गावी परतले. लोक म्हणाले, घाबरला असेल, हिंदुस्थानात जावं लागेल म्हणून पळाला. साहेबांनी कुणालाच काही सांगितलं नाही. वडील तोवर वारले होते. साहेब ऑगस्टाबाईंबरोबर चर्चजवळच्या छोट्या घरात राहू लागले. सकाळी कुत्र्याला घेऊन लांब फिरायचं, दुपारी बागेत खुडबुड, शनिवारी क्रिकेट. लग्न केलं नाही. एक विधवा बाई दोन उन्हाळे फार आस्थेनं सामने बघायला येत असे. साहेबांनी तिला चेंडू कसा शिवतात ते दाखवायला माझ्या दुकानात आणलं, तेव्हाच मी समजलो की हे काही जमायचं नाही.

जेसीची नोकरीची मुदत संपली आणि तोही परतला. पण आमच्या गावात नाही. टेकडीपलीकडच्या मार्लहर्स्टला त्याची बायको हेस्टर हिच्या बापाची चुनाभट्टी होती, तिथं तो कामाला लागला. उजवा खांदा धरला होता. पाठीवरची कातडी गाठी येऊन आखडलेली, त्यामुळे हात खांद्याच्या वर जाईना, रेषेतही फिरेना. तो वेग गेला. मग तो खालच्या हातानं, जुन्या लोकांसारखा, संथ चेंडू टाकायला लागला. संथ म्हणजे इतका, की फलंदाजाला वाट बघताना जांभई यावी. पण बोटांत काहीतरी होतं. चेंडू पडायचा एकीकडे आणि जायचा दुसरीकडे.

दरवर्षी कापणीआधी होलिंडेन आणि मार्लहर्स्टचा सामना होतो. त्या पहिल्या वर्षी आम्ही सगळे वाट बघत होतो. साहेबांनी आदल्याच आठवड्यात शहरातल्या बड्या लोकांच्या संघातून खेळताना समोरच्यांना धू धू धुतलं होतं. आणि जेसीच्या तिसऱ्या चेंडूवर त्यांचा त्रिफळा उडाला. शून्य.

ठीक, असं होतं. पुढच्या वर्षी दोन धावा करून तसेच गेले. आमचे पंच ओबेदकाका. दिसायचं कमी, पण जीभ तेज. त्यांनी त्या संध्याकाळी गुत्त्यात सगळ्यांसमोर म्हटलं, “धाकट्या साहेबांची बॅट इतर शनिवारी जागी असते. जेसीला बघितलं की अंगाई ऐकल्यासारखी झोपते.”

जेसी दुसऱ्या टोकाला बसून बिअर पीत होता. त्याचा पेला हातातच राहिला. त्यानं ऐकलं होतं.

तिसऱ्या वर्षी सामना आमच्याकडे होता. मी साहेबांबरोबर खेळत होतो, म्हणजे गोलंदाजाच्या टोकाला, जेसीपासून हातभर अंतरावर उभा होतो. म्हणून पुढचं सगळं मी या कानांनी ऐकलं आहे.

जेसीनं एक चेंडू टाकला. एखाद्या पोरीनं परकर सावरत टोलवावा असा. साहेबांनी बॅट पुढं केली, पण चेंडूच्या वाटेतून बाजूला. हे मी स्वच्छ पाहिलं. चेंडू मधल्या दांडीवर आपटला. साहेबांनी बॅट काखेत मारली आणि चालायला लागले.

“थांबा,” जेसी म्हणाला.

साहेब थांबले.

“ओबेदकाका, तो नो-बॉल होता.”

“मी तोंड तरी उघडलं का?” ओबेदकाका म्हणाले.

“तुम्ही नाही, मी सांगतोय. माझा पाय रेघेच्या पुढं होता.”

“तुझ्या पायाचं मला सांगतोस? मग मी इथं काय मेंढ्या मोजायला उभा आहे?”

“मेंढ्यासुद्धा तुम्हाला दिसत नाहीत, काका. नो-बॉल म्हणा.”

मैदानात लोक हसले. साहेब हसले नाहीत. ते दोन पावलं मागं आले. “जेसी, मी बाद आहे. जाऊ दे.”

“तीन वर्षं जाऊच देतोय मी.” जेसीचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. “काय चालवलंय हे? पन्नास फटके एकेक विकेट देऊन फेडणार आहात? मग पन्नास वर्षं लागतील, साहेब. मी तेवढा जगणार नाही, आणि तुम्हीही नाही.”

त्याच्या पाठीचं सगळ्यांना ठाऊक होतं. त्यात साहेबांचा संबंध काय, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

“मग मी काय करू? तू सांग,” साहेब म्हणाले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

“कॉर्फूला एक वाक्य बोलायचं होतं. ब्रँडी मी दिली, एवढंच. नाही बोललात. मी तुमच्याकडे बघत होतो आणि तुम्ही माझं कौतुक करून खाली बसलात. ते गेलं. आता त्याचं काही करता येत नाही. पण हे?” त्यानं हातातला चेंडू पुढं केला. “पलटणीनं माझा खांदा घेतला. हे खालून टाकायचं मी भट्टीमागं हिवाळाभर भिंतीवर चेंडू मारमारून शिकलोय. हे खरं आहे की नुसता पोरखेळ, हे मला सांगणार कोण? हा सायलस? याला तर शिवण्यापलीकडे चेंडूतलं काही कळत नाही.”

“माझं नाव कशाला मधे?” मी म्हणालो.

“दोन्ही गावांत तुमच्याइतकी बॅट कुणाची नाही, साहेब. आणि तुम्ही दारातल्या भिकाऱ्यापुढं तुकडा टाकावा तशी विकेट टाकून जाता. मला नको. उचला ती आणि खेळा.”

मला वाटलं, आता हा माणूस घरी जाणार आणि पुन्हा मैदानावर पाऊल टाकणार नाही. पण ते परत गेले, वाकून स्वतःच्या हातानं दांड्या सरळ केल्या, त्यांवर आडव्या काड्या ठेवल्या, आणि बॅट घेऊन उभे राहिले. ओबेदकाका खाकरले आणि वाऱ्याला सांगावं तसं म्हणाले, “नो-बॉल.”

पुढचा चेंडू एल्मच्या झाडावरून हॉपच्या मळ्यात गेला.

“आता कसं!” जेसी ओरडला. त्याच्यापेक्षा त्याचे गडी जास्त गोंधळले. आपला गोलंदाज मार खाऊन खूश का होतोय, ते त्यांना कळेना. मग जे चाललं त्याला मी सामना म्हणणार नाही. बाकीचे वीस जण तिथं उगीच होतो. साहेब एक चेंडू पुढं येऊन मारत, जेसी दुसरा आखूड टाकत असे. साहेब मागं सरत, जेसी हवेत उंच सोडत असे. एकदा चेंडू बॅटीच्या कडेला चाटून गेला तेव्हा दोघांनीही एकदमच शिवी हासडली, आणि पाद्रीसाहेबांच्या मुलाच्या तोंडात ती शिवी ऐकून कडेला बसलेल्या बायकांनी टोप्या पुढं ओढल्या.

साहेबांच्या चाळीस धावा झाल्यावर एक चेंडू आला. नेहमीसारखाच वाटला, पण पडून उलटा वळला. साहेबांच्या पायाला वळसा घालून मागं, आणि दांडी आडवी.

साहेब खेळपट्टीकडे बघत राहिले. “हा कसा टाकलास?”

“सांगत नाही.”

साहेब गेले ते बॅट पायावर आपटत, स्वतःवर चरफडत, ऐन भरात बाद झालेला माणूस जातो तसे. आम्ही तो सामना नऊ धावांनी हरलो. त्यानंतर मला कुणी कधी विचारलं, की त्या वर्षी काय झालं, तर मी आधी हेच सांगतो, कारण आमच्या शेवटच्या गड्यानं झोपाळूपणा केला नसता तर आम्ही जिंकलो असतो.

यामुळे दोघांची मैत्री झाली असं मात्र समजू नका. जेसी गुत्त्यात पूर्वीसारखाच दुसऱ्या टोकाला बसे. रस्त्यात भेटले तर टोपीला हात लावी, बोलत नसे. साहेब दरवर्षी त्याच्याविरुद्ध जीव तोडून खेळत. कधी टिकत, कधी नाही.

बरीच वर्षं गेली. पलटणीतले फटके कायमचे बंद करावेत की नाही, यावर देशभर वाद पेटला. आमच्या शहरात त्यावर सभा ठरली. अध्यक्ष एक निवृत्त कर्नल. फटके गेले तर शिस्त गेली, असं म्हणणारे. साहेब त्या आठवड्यात टेकडी चढून चुनाभट्टीवर गेले. हेस्टरनं मला सांगितलं. जेसी चुना चाळत होता, त्यानं हातातलं काम थांबवलं नाही.

“सभेत बोलणार आहे मी, जेसी. तुझं नाव घेऊ का?”

“नाव घेऊ नका. आणि पाठ दाखवायला बोलावू नका. पाठ माझी आहे. तुमच्या वाट्याचं तुम्ही सांगा.”

मी साहेबांना माझ्या खटाऱ्यातून शहरात नेलं. सभागृहात ते मागच्या बाकावर बसले, आणि कर्नल म्हणाले की फटक्यांनी चांगला शिपाई कधीच बिघडत नाही, तेव्हा उठले. आवाज बारीक होता, लोकांना माना पुढं काढाव्या लागल्या. त्यांनी बाटलीचं सांगितलं. पहारा बदलून घेण्याचं वचन दिलं आणि मेजवानीत विसरलो, ते सांगितलं. “न्यायालयात मला वाटलं, आठ-दहा दिवस कोठडी होईल त्याला, आपलं नाव कशाला गुंतवा. शिक्षा ऐकली तेव्हाही उठता आलं असतं. नाही उठलो. माझा गुन्हा पाठीवर घेऊन तो उभा होता, आणि मी शिस्तीत उभा होतो. त्या सकाळी शिस्त कुणाला लागली, ते मला अजून कळलेलं नाही.”

कर्नल म्हणाले, “कॅप्टन, असल्या गोष्टी सभ्य माणूस चव्हाट्यावर आणत नाही.”

“हो ना,” साहेब म्हणाले, “म्हणूनच इतकी वर्षं गेली,” आणि खाली बसले.

त्याची किंमत त्यांना मोजावी लागली. पलटणीच्या वार्षिक मेजवानीचं बोलावणं बंद झालं. शहरातल्या बड्या लोकांच्या संघानं त्यांना वगळलं. ऑगस्टाबाईंनी भावाबरोबर न्याहारीला बसणं सोडलं. त्या आपला चहा वरच्या खोलीत मागवत आणि जिन्यावर भाऊ भेटला तर हवेबद्दल बोलत. साहेबांना ते फार लागलं. एकदा मला म्हणाले, “सायलस, बहीण न्याहारीला नसली की अंडं गार लागतं रे.”

आणि जेसी? हेस्टरनं त्याला सभेचं सांगितलं, तेव्हा तो बूट काढत होता.

“सगळं सांगितलं? पहाऱ्याचं पण?”

“सगळं. सायलस होता तिथं.”

“हं,” म्हणाला, आणि दुसरा बूट काढला.

पण त्यानंतर एक झालं. जेसी साहेबांशी भांडायला लागला. आमच्याकडे परक्याशी टोपी काढून बोलतात. भांडायचं ते घरातल्यांशी. खेळपट्टीवर मेंढ्या सोडाव्यात की नवीन आलेलं गवत कापायचं यंत्र चालवावं, साहेबांचा कुत्रा म्हातारा झालाय की नुसता आळशी, पंचाला चष्मा सक्तीचा करावा का, कशावरही. गुत्त्याच्या दोन टोकांवरून आधी ओरडून, मग मालकीण वैतागली म्हणून एकाच बाकावर बसून. कॉर्फूचा विषय त्यांनी पुन्हा काढलेला मी ऐकला नाही.

चुन्याच्या धुळीनं जेसीची छाती आधीच भरली होती. एका फेब्रुवारीत तो गेला. मी आणि साहेब गेलो तेव्हा हेस्टर दारात उभी होती. ती साहेबांना म्हणाली, “पाच खांदेकरी आहेत. सहावे तुम्ही व्हाल?”

बड्या घरच्या माणसानं भट्टीवरच्या मजुराला खांदा दिल्याचं आमच्या दोन्ही गावांत कुणाला आठवत नव्हतं. साहेब एवढंच म्हणाले, “होईन.” अडचण वेगळीच झाली. पाचही जण उंच, आणि साहेब बुटके. पेटी त्यांच्या कोपऱ्यात कलायला लागली. मागून कुणीतरी कुजबुजलं, “जेसी घसरून साहेबांच्या डोक्यावर बसणार आज.” हेस्टरच्या कानावर ते गेलं, आणि रडतारडता तिला हसू फुटलं. मग आम्ही साहेबांच्या खांद्यावर घडी करून घोंगडी ठेवली, आणि मार्लहर्स्टच्या चर्चचा तो चढ चढलो. साहेबांचा गुडघा केव्हाच कामातून गेलेला. मी दोनदा म्हटलं, मी घेतो. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

माती देऊन झाल्यावर हेस्टरनं त्यांना घरात बोलावलं. इतक्या वर्षांत त्या घराचा उंबरा त्यांनी ओलांडला नव्हता. चुलीजवळच्या खुर्चीत बसून त्यांनी चहा घेतला, तिनं केलेला मनुकांचा केक दोनदा मागून खाल्ला, आणि तिसरा तुकडा हातात असतानाच झोपी गेले. माणसं येत होती, जात होती, मुलांचा गोंधळ चालू होता. मी त्यांना उठवायला गेलो, तर हेस्टरनं माझा हात धरला.

“राहू दे, सायलस. चढ दमवणारा आहे.”

तिनं त्यांच्या हातातला केक काढून बशीत ठेवला आणि स्वतःची शाल त्यांच्या अंगावर टाकली. अंधार पडायच्या सुमारास मी त्यांना खटाऱ्यात घालून घरी नेलं. ऑगस्टाबाई कंदील घेऊन फाटकापर्यंत आल्या होत्या. भावाला एका बाजूनं त्यांनी धरलं, दुसऱ्या बाजूनं मी, आणि आम्ही त्यांना पायऱ्या चढवल्या.